जांभई देणारा वीर



आज तुम्हाला एका जांभईची गोष्ट सांगायची आहे.

स्थळ कॅलिफोर्निया, काळ तिथल्या स्पॅनिश अमलाचा. बाहेर पाऊस कोसळतो आहे. आत गुत्त्यात सैनिक दारू पीत बसले आहेत. त्यांच्यातल्या एकाच्या चेहऱ्यावर तलवारीच्या टोकाने कोरलेलं ‘झेड’ हे रोमन अक्षर आहे. ते पाहून एक धिप्पाड सार्जंट तलवार परजत बढाया मारतो आहे, की तो झोरो एकदा माझ्यासमोर येऊ दे, मग बघा त्याची काय गत करतो. तेवढ्यात दार उघडतं आणि छत्री धरलेला एक नाजूक तरुण आत येतो. उंची कपडे, खांदे पडलेले, पावलं बेताबेताने टाकणारा. तलवारीच्या गप्पा ऐकून त्याला कंटाळा येतो. तो जांभई देतो, खिशातून रुमाल काढतो आणि हातचलाखीचा एक छोटासा खेळ करून दाखवतो. सगळे हसतात. हा डॉन डिएगो वेगा. जहागीरदाराचा मुलगा आणि गावभराच्या मते निव्वळ निरुपयोगी प्राणी.

थोड्या वेळाने हाच माणूस काळा मुखवटा घालून येतो आणि त्या सार्जंटला हसत हसत, उड्या मारत, सळो की पळो करून सोडतो.

चित्रपटाचं नाव ‘द मार्क ऑफ झोरो’. १९२०च्या अखेरीस तो अमेरिकेत झळकला. दिग्दर्शक फ्रेड निब्लो आणि नायक डग्लस फेअरबँक्स. मूकपटांचा तो जमाना. फेअरबँक्स तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि आधीच लोकप्रिय होता, पण तो आधुनिक पोशाखातल्या हसऱ्या विनोदी भूमिकांसाठी. आदल्याच वर्षी, १९१९मध्ये, त्याने चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या साथीने ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही संस्था काढली होती. कलावंतांनी आपल्या चित्रपटांचे मालक आपणच व्हायचं, हा तिच्यामागचा विचार. स्वतःचा पैसा आणि स्वतःचं नाव पणाला लागलेलं असताना या माणसाने ऐतिहासिक पोशाखातलं साहस करायचं ठरवलं. पटकथेतही त्याचा हात होता, मात्र तिथे त्याने ‘एल्टन थॉमस’ असं टोपणनाव लावलं. मुखवट्याची हौस पडद्याबाहेरही होती म्हणायची!

कथा मूळची जॉन्स्टन मॅकली या लेखकाची. १९१९ साली ‘ऑल-स्टोरी वीकली’ या स्वस्तातल्या नियतकालिकातून ती क्रमशः आली, ‘द कर्स ऑफ कॅपिस्ट्रानो’ या नावाने. दुबळ्या, छानछोकी माणसाच्या आड लपलेला वीर ही कल्पना त्याही आधीची. बॅरोनेस ऑर्झी या बाईंची ‘द स्कार्लेट पिम्परनेल’ ही कादंबरी १९०५ची, तिचा नायक याच जातकुळीतला. पण आज झोरो म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा तो काळ्या पोशाखातला माणूस पक्का केला चित्रपटाने. पुढे १९२४मध्ये मॅकलींची कथा पुस्तकरूपाने आली ती चित्रपटाचंच नाव लावून. मूळ लेखकाने नक्कल करणाऱ्याची नक्कल करावी, असा हा प्रकार!

स्पॅनिश भाषेत ‘झोरो’ म्हणजे कोल्हा. आपल्याकडे कोल्ह्याची ख्याती फारशी चांगली नाही. त्याला द्राक्षं आंबट लागतात आणि तो काकडीला राजी असतो. पण जिथे राज्य लांडग्यांचं असतं, तिथे गरिबाला सिंहापेक्षा कोल्हाच जवळचा वाटत असावा. सिंह कधीतरी येणार म्हणून वाट बघावी लागते. कोल्हा मात्र आपल्याच आवारात, आपल्याच भिंतीवरून चालत असतो.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो १९९०च्या दशकात, एका फिल्म सोसायटीत. जुनी, ओरखडे पडलेली प्रिंट, साथीला संगीत नाही, फक्त मागे प्रोजेक्टरची खरखर. उड्या आणि तलवारी पाहायच्या म्हणून गेलो होतो. त्या आहेतच. शेवटाकडचा पाठलाग पाहताना आजही हसू आवरत नाही. भिंती, छपरं, खिडक्या हे सगळं जणू या माणसासाठी घातलेल्या पायऱ्याच आहेत. पण माझ्या मनात घर केलं ते त्या जांभईने.

विचार करा, चित्रपट मुका आहे. नायकाला आवाज नाही. एकच माणूस दोन माणसं होतो, हे आवाज बदलून दाखवण्याची सोय नाही. जे करायचं ते अंगानेच. फेअरबँक्सचा डिएगो उभा राहतो तेव्हा शरीरातली सगळी हाडं कुणीतरी काढून घेतल्यासारखा दिसतो. तोच झोरो होतो तेव्हा पायाखाली स्प्रिंग बसवल्यासारखा. मौज अशी, की उड्या मारणं हा तर त्याचा हातखंडा. त्या उडीला अंगात दाबून धरणं, मरगळलेलं दिसणं, हे खरं अवघड काम. कवितेच्या धंद्यात असल्यामुळे मला हे चटकन कळलं. शब्द वापरणं सोपं असतं. आलेला शब्द ओठांवर अडवून ठेवणं, त्यातच सगळी कसोटी.

मग माझ्या मनात आलं, यातला मुखवटा नेमका कोणता? काळं कापड बांधलेला झोरो मोकळेपणी हसतो, प्रेम करतो, अन्यायाला अन्याय म्हणतो. उघड्या चेहऱ्याचा डिएगो मात्र सतत नाटक करतो. म्हणजे चेहरा झाकल्यावर माणूस खरा होतो आणि चेहरा उघडा ठेवला की खोटा. जुलमी राजवटीत असंच होतं. गव्हर्नर लोभी आहे, त्याचा कॅप्टन रामोन उद्दाम आहे, पाद्र्याला खोट्या आळावर फटके मारले जातात, डॉन कार्लोस पुलिदोसारखं खानदान छळून कंगाल केलं जातं. अशा ठिकाणी उघड्या चेहऱ्याने जगायचं तर तो चेहरा निरुपद्रवी हवा. ‘याच्यापासून आपल्याला काही धोका नाही’ असं सत्तेला वाटलं पाहिजे. जांभई हा त्या राज्यातला जगण्याचा परवाना आहे.

आणि त्या परवान्याची किंमत? ती घरी मोजावी लागते. डिएगोचा बाप, डॉन अलेहांद्रो, जुन्या पिढीतला ताठ कण्याचा माणूस. असला मुलगा आपल्या पोटी यावा याची त्याला लाज वाटते. जिच्याशी लग्न ठरवायचं ती लोलिता डिएगोच्या मिळमिळीत बोलण्याला विटते आणि रात्री बागेत आलेल्या झोरोवर भाळते. डिएगो हे सगळं पाहतो आणि गप्प राहतो. तलवारीचा वार अंगावर घेणारे शूर पुष्कळ सापडतील. पण ज्यांच्यासाठी लढतो, ज्यांच्यावर जीव आहे, त्यांनीच आपल्याला भेकड समजावं आणि आपण ते हसून सोसावं, ही हिंमत दुर्मीळ. मला विचाराल, तर या चित्रपटातलं सगळ्यात मोठं साहस हेच आहे. तिथे ना घोडा आहे, ना तलवार.

आम्हा कवींना टोपणनावाचं आकर्षण जुनंच. कृष्णाजी केशव दामले केशवसुत झाले, शिरवाडकर कुसुमाग्रज झाले. गडकऱ्यांनी तर कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम असे दोन वेगळे चेहरे वापरले. उर्दूत याला तखल्लुस म्हणतात. गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपला तखल्लुस गुंफतो. झोरोचं ते ‘झेड’ मला नेहमी मक्त्यासारखं वाटतं. लढाई संपता संपता तलवारीचे तीन फटकारे, आणि झाली सही.

माझंही एक टोपणनाव होतं. तेव्हा मी विशी ओलांडलेली, एका कचेरीत कारकून. घरात आम्ही दखनी बोलायचो, कविता मात्र मला मराठीतच सुचायची. शाळेत, बाजारात, एस.टी.त कानावर पडलेली तीच भाषा, तिच्यात सुचणार नाही तर कशात? पण खाली माझं नाव छापलं, की लोक आधी नाव वाचणार आणि मग त्या नावाच्या चष्म्यातून कविता वाचणार, हे मला ठाऊक होतं. पावसावर लिहिलं तरी त्यात माझी जमात शोधणार. म्हणून एक साधंसं, कुठल्याही घरात खपून जाईल असं नाव घेतलं. एका दिवाळी अंकात त्या नावाने कविता छापून आली.

अब्बा शिवणकाम करायचे. मराठी वर्तमानपत्र ओळन् ओळ वाचायचे. त्यांच्या लेखी मी कागद काळे करणारा, कामाचा ना धामाचा मुलगा. एका गिऱ्हाइकाने दुकानात ठेवलेला तो अंक त्यांनी चाळला आणि रात्री जेवताना मला म्हणाले, “ही कविता वाच. याला म्हणतात लिहिणं. नाहीतर तू!” मी डाळीत भाकरी कुस्करत राहिलो. जांभई दिली की नाही आठवत नाही, पण दिली असती तर शोभली असती.

दोन महिन्यांनी मानधनाची मनीऑर्डर आली. ती अर्थातच माझ्या खऱ्या नावावर. पोस्टमनने ती दुकानातच नेऊन दिली. मनीऑर्डरच्या तळाच्या चिठोऱ्यावर कवितेचं नाव लिहिलेलं. संध्याकाळी मी घरी आलो तर अब्बा मशीनवर बसलेले, समोर पैसे आणि ते चिठोरं. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “नाम क्या चोरी का है क्या?” त्यानंतरची प्रत्येक कविता मी माझ्या नावानेच छापली. लोक आधी नाव वाचतात, हे आजही खरं आहे. ‘तुमचं मराठी किती छान!’ असं कौतुकही अधूनमधून होतं. मी हसून धन्यवाद म्हणतो. कौतुकात जे राहून जातं ते कवितेत म्हणायला जागा असतेच.

पण चित्रपटाचं गुणगान करताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवली, तर तोही एक मुखवटाच होईल. झोरो हा जहागीरदाराचा मुलगा आहे. तो गरिबांसाठी लढतो, पण जहागिरीला हात लावत नाही. त्याच्यामागे उभे राहतात तेही त्याच्यासारखेच सरदारपुत्र. त्या भूमीचे मूळ रहिवासी चित्रपटात मार खाण्यापुरते आणि वाचवले जाण्यापुरते येतात. खऱ्या कॅलिफोर्नियात १७६९ ते १८२३ या काळात स्पॅनिश पाद्र्यांनी २१ मिशन उभारली. त्यांच्या शेतांत आणि गोठ्यांत या मूळ रहिवाशांनाच राबवलं गेलं. सक्तीचं काम आणि बाहेरून आलेले रोग यांनी त्यांची माणसं हजारोंनी मेली. चित्रपटातला फटके खाणारा पाद्री त्या इतिहासात नेहमीच फटके खाणारा नव्हता. १८२१मध्ये स्पेनचा अंमल संपून मेक्सिकोचा आला, १८४८मध्ये अमेरिकेने तो प्रांत घेतला, आणि घेऊन झाल्यावर त्या जुन्या दिवसांची गोड स्वप्नं रंगवली. ज्याची जमीन घेतली त्याची गिटार आवडते, तसं.

झोरोच्या कुळकथेत होआकिन मुरिएता याचं नाव हमखास घेतलं जातं. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात गर्दी उसळली, त्या दिवसांतला हा मेक्सिकन बंडखोर. सरकारच्या लेखी दरोडेखोर, आपल्या लोकांच्या लेखी सूड घेणारा. १८५३मध्ये त्याला ठार मारल्याचं जाहीर झालं आणि एक मुंडकं दारूच्या बरणीत घालून, पैसे घेऊन लोकांना दाखवलं गेलं. ते त्याचंच होतं का, हा वाद पुढे चालूच राहिला. दुसऱ्याच वर्षी जॉन रोलिन रिज या चेरोकी लेखकाने त्याच्यावर कादंबरी लिहिली. खऱ्या बंडखोराचं डोकं बरणीत जातं आणि कल्पनेतल्या बंडखोराला देखणा मुखवटा मिळतो. झोरो पाहताना ती बरणीही लक्षात असावी, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. फेअरबँक्सचे चित्रपट मुंबईपर्यंत पोचले आणि इथे त्यांनी धमाल उडवली. सरकारने नेमलेल्या रंगाचारियर समितीने १९२८च्या अहवालात नोंदवलं आहे, की तोवर हिंदुस्थानात सर्वाधिक लोकप्रिय झालेला चित्रपट म्हणजे त्याचाच ‘द थीफ ऑफ बगदाद’. मग आपल्या मूकपटांतही तलवारबाज अवतरले. त्यांतला बिनीचा वीर मास्टर विठ्ठल हा मराठी माणूस. त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्सच म्हणत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट लागला, त्याचा नायक तोच. पण त्याला हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हतं, म्हणून बोलपट असूनही त्याच्या वाट्याला बोलणं बेताचंच आलं. ज्या माणसाचं सगळं अंग बोलत होतं, त्याला आवाजाच्या युगाने गप्प बसवलं. भाषेच्या उंबरठ्यावर थबकलेल्या त्या विठ्ठलबद्दल मला फार आपुलकी वाटते.

आपल्या मूकपटांतले फारच थोडे आज शिल्लक आहेत. त्यात १९३१चा ‘दिलेर जिगर’ आहे, आणि त्यात तलवारींच्या त्या दुनियेत वावरणारी नायिका कोण? ललिता पवार! कजाग सासू म्हणून ज्यांच्या नुसत्या नजरेला आपल्या दोन पिढ्या भ्यायल्या, त्याच. पुढे १९३५मध्ये होमी वाडियांनी ‘हंटरवाली’ आणली. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया मुखवटा घालून, चाबूक उगारून घोड्यावर बसली आणि जुलमी वजिराच्या माणसांना लोळवू लागली. दिवसा राजकन्या, रात्री रयतेची कैवारी. कॅलिफोर्नियाच्या त्या कोल्ह्याने इथे येऊन बाईचं रूप घेतलं आणि पिटातल्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून तिला आपलं म्हटलं. तिचं हिंदी परकं होतं, पण त्यापायी तिला कुणी परकं मानलं नाही.

अमेरिकेत झोरोचा वारसा गेला बॅटमनकडे. बॉब केन यांनी फेअरबँक्सच्या झोरोचं ऋण मान्य केलं आहे. बॅटमन छापून आला १९३९च्या मे महिन्याच्या अंकात आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात फेअरबँक्स वारला. बॅटमनलाही दिवसाचा ऐशारामी चेहरा आहे, रात्रीचा मुखवटा आहे. एकच गोष्ट वाटेत सांडली, ती म्हणजे हसू. आजचे मुखवटाधारी वीर फार खिन्न असतात. सगळ्या जगाचं ओझं त्यांच्या जबड्यात दिसतं. फेअरबँक्सचा झोरो जुलमाशी लढताना खिदळतो. जुलमी माणसाला तलवारीची सवय असते, तिच्यापुढे दुसरी तलवार कशी उभी करायची हे त्याला ठाऊक असतं. हसण्यापुढे काय उभं करायचं, हे मात्र त्याला सुचत नाही.

हा चित्रपट आज इंटरनेटवर सहज आणि फुकट पाहायला मिळतो. नातवंडांना घेऊन बसा. संवाद नसल्यामुळे भाषेची अडचण नाही. मधल्या पाट्या तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. पूर्वी थिएटरातही वाचता येणारा न येणाऱ्यांसाठी असंच वाचायचा. मुलं उड्यांना टाळ्या वाजवतील, त्यांना वाजवू द्या. तुम्ही मात्र शेवटची झुंज नीट पाहा. कॅप्टन रामोनशी होणारी ही अखेरची लढाई झोरो झोरोच्या वेषात लढत नाही. लोलिताचा अपमान होतो आणि तिथे उभा असलेला डिएगो, तो छत्रीवाला, जांभईवाला डिएगो, उघड्या चेहऱ्याने तलवार उपसतो. मुखवटा नाही, काळा झगा नाही. रुमालाचे खेळ करणाऱ्या त्याच हाताचं बळ सगळ्यांना पहिल्यांदाच दिसतं, आणि ते तीन फटकारे आता त्याच्या स्वतःच्या नावाने उमटतात.

सैनिक थक्क होऊन बघत राहतात. गव्हर्नरला पायउतार व्हावं लागतं. मुखवटा कितीही देखणा असला, तरी तो एक दिवस उतरवता यावा यासाठीच घालायचा असतो. ज्या गावात तो उतरवून लढता येतं आणि उतरवून जगताही येतं, ते गाव सुखी.